दैवाला डोळे नाहीत

उपासक-उपासिकांनो,

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या जॅक व्हिटेकरला ३१ कोटी ४९ लाख डॉलरची लॉटरी लागली. हा माणूस कंगाल नव्हता. आधीच कोट्यधीश कंत्राटदार होता. असे ऐकले की आपल्यातही कुणी म्हणतो, "पूर्वजन्मीचे पुण्य!"

हे वाक्य जपून उच्चारा. त्याचे धन पूर्वपुण्याचे मानले, तर आपल्या वाडवडिलांच्या गळ्यातले मडके पूर्वपापाचे मानावे लागेल. ती बेडी आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तोडली. सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच मिळते, हे मत तथागतांनी नाकारले आहे.

त्या सोडतीत पहिले बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे १२ कोटींत एक होती. सोडतीच्या चेंडूला डोळे नसतात. तो श्रीमंत पाहत नाही, उपाशीही पाहत नाही. त्याच्याकडे न्याय काय मागायचा? न्याय माणसाने माणसाला द्यायचा असतो. आणि बक्षिसाचा पैसा येतो कोठून? हरलेल्यांच्याच खिशातून.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत: जिंकणाऱ्याचा द्वेष होतो, हरणारा झुरतो, असलेले धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, मुलगी कोणी देत नाही. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीला. तिकिटासाठी पाचवा भाग नाही.

तो पैसा लेकरांच्या वह्या-पुस्तकांना लावा.

भवतु सब्ब मंगलं!