आळशी की आजारी?

आपल्या मंडळीतील कोणी मनुष्य पुष्कळ दिवस कामावाचून घरी बसला म्हणजे त्याच्याविषयी दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही म्हणतात, "बिचाऱ्याची प्रकृती बरी नाही", इतर म्हणतात, "आळशी आहे, आजार हे निमित्त." हे दुसरे लोक बहुधा थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आधार घेतात. परंतु तेथे प्रेषिताचा ठपका काम करण्याची इच्छा नसणाऱ्यावर आहे. ज्यास काम मिळत नाही, किंवा ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याच्यावर तो नाही. हा भेद विसरून शास्त्राचा दंडुका करणे योग्य होईल काय?

आपल्याच मुलखाकडे पाहू. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिने पाणी आणले, काम आणले नाही. जेथे पेरणी साधली नाही तेथे खुरपणी नाही. जेथे पाणी नाही तेथे बांधकाम नाही. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा पुण्यामुंबईस पोटासाठी गेलेले पुष्कळ लोक नांदेड-लातूरच्या खेड्यांत रिकाम्या हाताने परतले.

अशा मंदीत घरची काटकसर कोठून सुरू होते? आधी दूध जाते, मग डाळ, मग औषध. रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. खोकला महिनाभर अंगावर काढला जातो. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळाली, तरी तेथवर जाण्याचे भाडे पदरी नसते. मग सुगी येते, मुकादमही येतो. पण अंगात पूर्वीचे बळ नसते, आणि मुकादम धडधाकटासच निवडतो. काम गेले म्हणून प्रकृती गेली; आता प्रकृती गेली म्हणून काम नाही. दुसऱ्या घरी आजार आधी येतो व काम मागाहून जाते. जात्यात सापडलेल्या दाण्याने आधी कोणती तळी फिरली ह्याचा हिशेब काय द्यावा?

१९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा केला व तो १९७९ पासून अमलात आला. ती मोठी न्यायाची गोष्ट झाली. तरी खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी असली, म्हणजे अशक्ताचे माप भरत नाही. ज्याची गरज अधिक त्याच्या हाती कमी पडते.

शरीराबरोबर मनही खचते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत आस्ट्रिया देशातील मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडली. त्या गावाचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांस वेळ मुबलक होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले, आणि पुरुषांची चालही मंदावली. एखाद्या परक्याने पाहिले असते तर त्यांस आळशीच म्हटले असते. ज्यास आपण आळस म्हणतो ती पुष्कळदा जखमेची खूण असते.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, खरोखरीचे आळशीही असतात, दारूत बुडालेलेही असतात." असतात खरे. पण चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूस व्हावी? आळशास दिले तर पायलीभर ज्वारी जाईल. आजाऱ्यास नाकारले तर भाऊ जाईल.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी पाहा. दिवस मावळण्याच्या सुमारास बाजारात उभे असलेल्यांस त्याने कारण विचारले आणि त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला. मजुरांच्या नाक्यावर शेवटपर्यंत कोण उरतो हे आपण रोज पाहतो: म्हातारा, खोकणारा, लंगडणारा. त्यांसही त्याने पुरी मजुरी दिली, कारण रात्री चूल सर्वांच्याच घरी पेटावयाची होती.

म्हणून बंधुभगिनींनो, येत्या रविवारी भक्तीनंतर अशा एका घरी जा. उपदेश घेऊन जाऊ नका. गोळ्या संपल्या आहेत काय, हे विचारा. दवाखान्यास जाण्याचे भाडे द्या, सोबत जा. बसून करता येईल असे हलके काम तुमच्या शेतात वा दुकानात असेल, तर ते त्यासच सांगा, आणि मजुरी मोजताना त्या धन्याची आठवण ठेवा.