जागं करणाऱ्याचं देणं

माझी पुतणी कॅनडात असते. गेल्या मार्चात तिनं फोनवर एक फोटो पाठवला. तळघरात टेबलावर कुंड्यांची रांग, खाली विजेवर तापणारी चटई, वर पांढरे दिवे. कुंड्यांत डेलियाचे कंद. मूळचं हे मेक्सिकोतलं झाड. तिकडच्या गोठवणाऱ्या थंडीत कंद जमिनीत राहिले तर कुजतात. म्हणून थंडीआधी ते खणून काढायचे, कोरडे जपून ठेवायचे आणि शेवटचा कडाका ओसरायच्या चार-सहा आठवडे आधी घरातच ऊब देऊन कोंब आणायचे. कोंब दिसले की चौदा-सोळा तास दिव्याचा उजेड. नाहीतर उन्हाळा इतका आखूड, की झाडं फुलावर येतात न येतात तोच पुन्हा थंडी. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "काका, झोपलेल्याला असं फसवून उठवणं बरं का हो?"

तिनं गमतीनं विचारलं होतं. मला मात्र दोन दिवस उत्तर सुचेना.

ही फसवणूक आमच्या घरी आई दरवर्षी करायची. रोहिणी नक्षत्र लागलं की पडवळ, काकडी, कारल्याचं बी भिजवून फडक्यात बांधायची आणि चुलीच्या कडेला ठेवायची. मोड आले की माती-शेणखत भरलेल्या करवंट्यांत एकेक बी टोचायची. आमच्या रत्नागिरीकडे मृगाचा पाऊस विचारून येत नाही. नुसतं बी असेल तर धुऊन नेतो, उरलं ते कुजवतो. म्हणून त्याआधी रोपानं थोडं अंग धरलेलं हवं. पण कोंब मातीवर आला की आई त्याला चुलीजवळ एक दिवस ठेवायची नाही. करवंट्या सकाळी पडवीत कोवळ्या उन्हाला, दुपारी आत, मग हळूहळू खळ्याच्या कडेला. हे ने-आण करायचं काम माझं. एकदा मी दोन दिवस टंगळमंगळ केली. कोंब लांब, पिवळे होऊन माना टाकून पडले. आई म्हणाली, "उठवलंस ना त्यांना? मग उजेड कोण दाखवणार, तुझा बाप?"

नवरात्रात देवघराच्या अंधारात वाढलेलं पिवळं रुजवण आपण दसऱ्याला टोपीत, कानावर खोवतो. दिसतं सुंदर. पण ते शेतात लावायला कोणी नेत नाही. दाण्यातली शिदोरी संपली की ते संपलं. कंदाचंही तेच. ऊब लागली की तो स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर कोंब काढतो. म्हणजे उठवणारा पदरचं काही देत नाही. झोपलेल्याच्याच पैशानं त्याला प्रवासाला काढतो.

असंच मी एकदा कलमांना काढलं होतं.

आमच्या वाडीतल्या एका काकींची चाळीस हापूस कलमं मी तीन वर्षांच्या करारानं घेतली. वाशीच्या बाजारात जो आंबा आधी पोचतो त्याला भाव. म्हणून मी कल्टार दिलं. हे औषध पालवीची वाढ रोखतं, झाड मोहोराकडे वळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तशी शिफारसही आहे: 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्ये द्यायचं, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिलिलिटर, अशक्त झाडाला नाही, आणि खतपाणी सांभाळायचं. औषधाला मी दोष देत नाही. मी मापाबाहेर घातलं, म्हातारी कलमंही सोडली नाहीत आणि तिसऱ्या वर्षी खताला हात आखडला. चौथ्या वर्षीचा आंबा माझा नव्हता ना!

तिन्ही वर्षं पेट्या लवकर गेल्या. करार संपला तेव्हा शेंडे आखडलेले, पानं बारीक, काही फांद्या वाळत आलेल्या. काकींनी विचारलं, "कलमांना काय झालं रे?" मी म्हटलं, "हवामान, काकी." हवामानाचं एक बरं असतं, ते साक्षीला येत नाही.

काही लोक म्हणतात, निसर्गाच्या वेळेला हातच लावू नये. मला ते पटत नाही. मग कलमही बांधू नये आणि आईच्या करवंट्याही नकोत. घाई करण्यात पाप नाही. खर्च कोणाचा होतो आणि उठवणारा पुढे किती दिवस सोबत थांबतो, एवढंच बघायचं. आई थांबायची. मी पेट्या मोजून निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी काकींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बुंध्याभोवती खणलेलं मला दिसत नव्हतं होय? तू कधी सांगतोस ते बघत होते." पावसाआधी मी माझ्या खर्चानं त्या कलमांना शेणखत घातलं, वाळलेल्या फांद्या काढल्या. ते औषध मातीत बराच काळ राहतं. सगळी कलमं सावरतील असं नाही.

त्या रात्री पुतणीला उत्तर लिहिलं: "खुशाल उठव. कोंब येईपर्यंत पाणी बेतानं, नाहीतर कंद कुजेल. बाहेर नेताना एकदम उन्हात ठेवू नकोस. आणि मध्येच कुठे सुट्टीला जाणार असशील, तर उठवूच नकोस."