वस्तादही घडवावा लागतो

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकता शिकता कुस्ती लढले. १९४८ मध्ये लंडनला सहावा क्रमांक आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक, एवढीच त्यांची ऑलिंपिक कारकीर्द. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तिथे त्यांनी खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, क्रीडामार्गदर्शनही केले. पण घर नोकरीवर चालत होते, आणि मॅटवर कमावलेल्या त्यांच्या विद्येभोवती साताऱ्यात तालीम उभी राहिली नाही. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला त्यानंतर ७२ वर्षे लागली. एवढ्या एका कारणाने हा खंड पडला असे मी म्हणणार नाही. मॅटचा अभाव, खुराक, पैसा ही कारणे होतीच. तरीही खेळाडूचे खेळणे चार-पाच वर्षांत संपते, त्याची विद्या मात्र पुढे चाळीस वर्षे उपयोगी पडू शकते, आणि हा हिशेब आपण कधी नीट मांडलेला नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका मल्लाच्या बाबतीत तो आपोआप मांडला गेला. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य पटकावले, १९६४ मध्ये ते टोकियोला गेले. त्यानंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी घालवलेला काळ लढतीच्या वर्षांपेक्षा कितीतरी मोठा होता. रुस्तुम-ए-हिंद दादू चौगुले याच तालमीतले. तालमीला हे साधले, कारण वस्तादाचा मान तिथे मल्लापेक्षा कमी नव्हता. सरकारी मान्यतेचा क्रम मात्र उलटा: अर्जुन पुरस्कार १९६१ चा, आणि गुरूंसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार थेट १९८५ चा.

चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असे नाही, हा आक्षेप खरा आहे. स्वतःचे शरीर जे नकळत करते ते दुसऱ्याच्या शरीरात उतरवणे ही वेगळीच विद्या आहे. पण म्हणूनच ती शिकवली पाहिजे. दुखापतीनंतर उरलेली सोय म्हणून प्रशिक्षकपद हाती देऊन भागणार नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत उतरलेल्या दीपाली देशपांडे पुढे प्रशिक्षक झाल्या, आणि राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्येच कांस्य मिळवले, ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. साताऱ्यात तिरंदाजी शिकवणाऱ्या प्रवीण सावंतांकडे तर नागपूरचा ओजस देवतळे शिकायला आला. २०२३ मध्ये बर्लिनला तो आणि साताऱ्याची अदिती स्वामी दोघेही विश्वविजेते झाले. जाणता गुरू असेल तर मुले जिल्हा ओलांडून येतात.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो अधिक जड आहे. पंचविशीत मैदान सुटलेल्या मुलाने पगाराची नोकरी सोडून गावात मुले का शिकवावीत? त्याने त्याग करावा, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. खेळाडू म्हणून नोकरीत घेताना त्याच्या कामाचे निम्मे तास तालुक्याच्या मैदानावर लावता येतील, आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतली पदविका त्याला खेळत असतानाच, भरपगारी रजेवर करू देता येईल. खाशाबांना खात्याने वर्दी दिली होती. तिच्यासोबत एक मॅट आणि वीस पोरे देणे खात्याला अशक्य नव्हते.