विचारायला लाज कसली?



रस्ता चुकलेला माणूस कधी पाहिलात? चौकाला दोन फेऱ्या मारतो. समोर पानवाला बसलेला असतो. पण हा विचारत नाही. अहो, विचारायला लाज कसली?

जॉन वाइल्डर हा अमेरिकेतल्या इंडियानाचा ओतकामाचा कारखानदार. तिथं उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं, तसा स्वयंसेवक म्हणून उत्तरेच्या फौजेत गेला. कर्नल झाला. सप्टेंबर 1862 मध्ये केंटकीतल्या मनफर्डव्हिलला शत्रूनं त्याला वेढलं. हाताखाली सुमारे 4,000 माणसं. लढावं की शरण जावं? वाइल्डर पांढरं निशाण घेऊन थेट शत्रूच्या बकनर नावाच्या सेनापतीकडे गेला आणि त्यालाच सल्ला मागितला! विचारायला लाज कसली? बकनरनं सल्ला दिला नाही. पण आपली फौज, आपल्या तोफा त्याला पाहू दिल्या. वाइल्डरनं पाहिलं, आणि शस्त्रं खाली ठेवली. माणसं वाचली.

मला त्या बकनरचंही कौतुक वाटतं. विचारणाऱ्याला तो हसला नाही. आपल्याला कुणी विचारलं, तर आपण कसे वागतो, मंडळी?

सुटून आल्यावर वाइल्डर पुन्हा लढला. 1863 मध्ये त्यानं दक्षिणेतल्या टेनेसीच्या चॅटनूगा शहरावर तोफा डागल्या. युद्ध संपलं, आणि लोखंडाच्या धंद्यासाठी तो त्याच टेनेसीत येऊन राहिला. 1871 मध्ये चॅटनूगाचा महापौर झाला. तोवर उत्तरेकडची बरीच मंडळी तिथं वसली होती, हे खरं. तरी ज्या गावावर तोफा डागल्या, त्याच गावाकडे मतं मागायची!

विचारायला लाज कसली?