आम्ही नाही का वाढलो?

वयाची साठी उलटली की माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक गुडघेदुखी आणि दुसरं "आम्ही नाही का वाढलो?" हे वाक्य. गुडघ्याला निदान तेल तरी चोळता येतं. या वाक्यावर समोरच्यापाशी काही इलाज नसतो. पाणी उकळून प्यायचं? आम्ही आडाचं प्यायलो, नाही का वाढलो? मुलांना गाडीत पट्टा बांधायचा? आम्ही एस.टी.च्या टपावरून गावी गेलो, नाही का वाढलो? हे वाक्य मी दिवसातून सरासरी चार वेळा वापरत असे आणि वापरताना छाती किंचित पुढे काढत असे. समोरच्याला पुरावा नीट दिसावा, हा हेतू. पुरावा म्हणजे मीच. उंची पाच फूट पाच इंच, रक्तदाबाची एक गोळी, बाकी ठणठणीत.

या वाक्याची आणि माझी ताटातूट झाली ती एका पाळण्यापायी.

आमची मुग्धा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे पुण्याला आली. येताना तिने दोन बॅगा आणि एक यादी आणली. बॅगांचं मला काही वाटलं नाही. यादीत पहिल्याच क्रमांकावर होता, पलंगाला जोडून ठेवायचा, घडी घालून नेता येणारा पाळणा. बाळ तीन महिने आमच्याकडे, मग थोडे दिवस सासरी नागपूरला आणि नंतर बंगळूरला जाणार. तेव्हा पाळणाही बाळाबरोबर फिरता हवा. रात्री बाळ आईच्या हाताच्या अंतरावर असावं, पण अंथरूण मात्र त्याचं त्याला वेगळं असावं. निदान पहिले सहा महिने बाळाने आईबापांच्याच खोलीत पण स्वतंत्र झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात म्हणे.

"आणि हा पाळणा हलतो कसा?" मी विचारलं.

"हलत नाही, बाबा."

न हलणारा पाळणा! न तडतडणारी फोडणी, न भांडणारी गृहनिर्माण सोसायटी, तसाच हा प्रकार. पण गर्भार मुलीशी वाद घालू नये, असं आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आलं आहे. मुली गर्भार नसतानाही ते चालतंच.

आईने मात्र हरकत घेतली. आई नव्वदीची. "पोर जन्माला यायच्या आत पाळणा घरात आणायचा नाही," हे तिने जपमाळ न थांबवता सांगितलं. तेव्हा नुसता पाहून ठेवायचा आणि बारा-तेरा दिवसांनी बारशाला आणायचा, असं ठरलं. तोवर बाळाने झोपायचं कुठे, हा प्रश्न हिने काढला, पण तहाच्या वेळी असले प्रश्न मागे ठेवायचे असतात. (पुढे बाळ दवाखान्यातून घरी आलं त्याच दिवशी पाळणाही आला. "आता जन्मली ना, मग काय हरकत?" असं आईच म्हणाली.)

दुकानात गेलो. मी खिशात मोजपट्टी नेली होती. तरुणपणी बांधकामावर नोकरी केलेला माणूस स्वर्गात गेला तरी दाराची चौकट मोजून मगच आत जाईल. विक्रेता पोरगेलासा होता. "सर, सेफ्टीमध्ये कॉम्प्रमाइज नाही करायचं," या मंत्राने त्याने सुरुवात केली आणि अर्ध्या तासात माझ्यासमोर गालिचासारखी गादी, पाळण्याच्या कडांना आतून बांधायच्या गुबगुबीत झालरी, ढगाच्या आकाराची उशी, अंगावरची रजई आणि कोपऱ्यात बसवायचा एक ससा असा संसार मांडला. ससा माझ्या एका मामासारखा दिसत होता. एकूण किंमत 18,500 रुपये. यातला पाळणा किती आणि मामा किती, हे कळायला मार्ग नव्हता.

मुग्धाने एकेक वस्तू बाजूला काढायला सुरुवात केली. ससा नको. उशी नको. रजई नको. झालरी तर मुळीच नकोत, तोंड त्यात रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान वळवता येत नाही. अमेरिकेने 2022 साली कायदा करून असल्या झालरी विकायला बंदी घातली आहे. जाड गादी नको, पाळण्याबरोबर येते तीच पातळ, घट्ट गादी हवी. वर दुसरी घातली की कडेला फट पडते. डोक्याकडून उंच होणारा उतरता पाळणाही नको, सपाटच हवा. बाळ उतारावर घसरलं की त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कठडा दांड्यांचा असेल तर दोन दांड्यांत 6 सेंटिमीटरहून जास्त अंतर नको; तिकडे 1970च्या दशकापासून तसा नियमच आहे. माझी मोजपट्टी अखेर कामाला आली. पलंगाकडची बाजू खाली उतरवली की पाळणा पट्ट्याने पलंगाला करकचून बांधायचा आणि दोन्ही गाद्या एका पातळीत, मध्ये बोटभरही फट न ठेवता. बांधायचा नसेल तर ती बाजू वर करून तिची खिट्टी लावायची. अर्धवट काही नाही.

मी हळूहळू चकित होत चाललो होतो. आयुष्यभर मी समजत होतो की, सुरक्षितता म्हणजे काहीतरी आणखी घेणं. एक कुलूप जास्त, एक विमा जास्त. इथे मुलगी एकेक वस्तू परत करत होती, आणि जितकं परत करावं तितका पाळणा सुरक्षित होत होता! विक्रेत्याचा चेहरा पाहवेना. रिकामी जागा विकायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि हा वापरायचा किती दिवस?" मी विचारलं.

"हातागुडघ्यांवर उठायला लागलं की बंद. पाच-सहा महिने."

मी मनात भागाकार केला आणि दुकानातली एकमेव खुर्ची शोधली.

घरी आल्यावर आणखी एक अडचण निघाली. या पाळण्याचे पाय पलंगाखाली सरकवावे लागतात, आणि आमचा पलंग पेटीचा. त्याच्या पोटात चौदा वर्षांच्या गाद्या, हिची पितळी भांडी आणि मी एकदाही न वाजवलेली बाजाची पेटी सुखाने नांदत असते. खाली बोट शिरायला जागा नाही. घरात चार पायांवर उभा असलेला पलंग एकच, आईचा.

तेव्हा माझ्या डोक्यात ती तेजस्वी कल्पना आली. माळ्यावर आमचा घराण्याचा सागवानी पाळणा आहे. कातीव दांड्या, चार कोपऱ्यांत चार पोपट, पितळी साखळ्या. एका पोपटाची चोच मीच बालपणी खाल्ली, असं सांगतात. मी शिडी लावली, पाळणा उतरवला, फडक्याने पुसला आणि बैठकीच्या मधोमध ठेवून भाषणाला उभा राहिलो. 18,500 रुपये पाच महिन्यांसाठी. हा तीन पिढ्यांसाठी. मुग्धाने न बोलता माझ्याच खिशातली मोजपट्टी काढून दोन दांड्यांमध्ये धरली. 9 सेंटिमीटर.

"मोजपट्टीचं कौतुक मला सांगू नकोस," मी म्हणालो. "आम्ही पाच भावंडं याच पाळण्यात झोपलो. आम्ही नाही का वाढलो?" आणि छाती पुढे काढली.

आई खिडकीशी बसून दुपट्याला टीप घालत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"सहा."

मला वाटलं, तिचा हिशेब चुकला. या वयात चुकतो. "पाच, आई. दादा, अक्का..."

"तुम्ही पाच. पाळण्यात सहा."

मग तिने सांगितलं. चार-पाच वाक्यांत, दुपट्याची घडी घालता घालता. माझ्या आधी, 1955 साली, एक मुलगी झाली होती. कुसुम. अडीच महिन्यांची होती. पालथी झोपली की शांत झोपायची, म्हणून पालथीच घालत. एका पहाटे आई पाजायला उठली, तर ती उठली नाही. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं रात्री आईचंच लक्ष नव्हतं. पुढच्या खेपेला मी झालो. मला त्याच पाळण्यात घातलं, कारण घरात दुसरा नव्हता.

अडुसष्ट वर्षं मी हिच्या हातचं जेवलो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

त्यात पाळण्याचा काही दोष होता, असं मी म्हणत नाही. ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण माझं वाक्य मात्र तिथल्या तिथे बसलं. "आम्ही नाही का वाढलो?" हे विचारायला जे उभे राहतात ते सगळे वाढलेलेच असतात, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! असा खटला कुठल्या कोर्टात चालतो, की ज्यात साक्षीला फक्त सुटलेलेच येतात? 1971 साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर 1000 बाळांमागे 129 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 साली हा आकडा 28 वर आला. हे काही पाळण्यांनी केलेलं नाही. लशींनी केलं, मीठ-साखरेच्या पाण्याने केलं, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी केलं. पण या प्रत्येक गोष्टीला, ती पहिल्यांदा घरात आली तेव्हा, माझ्यासारखा कोणीतरी छाती काढून आडवा आला असणार आणि त्याचं वाक्यही हेच असणार.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईने मुग्धाला विचारलं, "ते उताणं झोपवायचं म्हणतेस ना तू, ते तेव्हा कुणाला माहीत होतं का गं?"

"नाही, आजी. डॉक्टरांनाही नव्हतं."

आणि ते खरंच आहे. अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक म्हणजे बालसंगोपनातले त्या काळचे बृहस्पती. त्यांचं पुस्तक तिकडे घरोघरी होतं, आणि कित्येक वर्षं त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवण्याचाच सल्ला होता. उताणं असताना उलटी झाली तर घशात अडकेल, हे कारण. ऐकायला अगदी पटण्यासारखं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं झोपवू नका म्हणून सांगितलं ते 1992 साली. 1994 पासून त्याचा घरोघर प्रचार झाला, आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली.

माझ्यातला वकील अजून पुरता मेला नव्हता. मी म्हणालो, "म्हणजे तेव्हाचे शहाणेही चुकले. मग आजचे चुकत नसतील कशावरून?"

"चुकत असतील," मुग्धा म्हणाली. "पण चुकलो हे त्यांना कळलं कसं, बाबा? जी गेली तीही मोजली म्हणून."

आईने दुपटं बाजूला ठेवलं. "म्हणजे माझं लक्ष नव्हतं म्हणून नाही ना?"

"नाही गं, आजी."

आई एवढंच म्हणाली, "बरं." सत्तर वर्षांचा जाब तिने त्या दोन अक्षरांत संपवला की नाही, मला सांगता येणार नाही. जे कुणालाच ठाऊक नव्हतं त्याचा दोष कुणाला द्यायचा, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं असेल. घरात मात्र तो दोष बाईलाच देतात आणि ती तो घेते, एवढं मी पाहिलं. आणि जे आता ठाऊक झालं आहे त्याकडे पाठ फिरवून मी माळ्यावरचा पोपटांचा पाळणा उतरवला असता, तर तो दोष मात्र कुणाच्या अज्ञानावर ढकलता आला नसता.

दुसऱ्या दिवशी आईने आपली ट्रंक उघडली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून तिने महिनाभर आधीच मोहरीची उशी शिवून ठेवली होती. ती उसवली आणि मोहरी स्वयंपाकघरात पाठवून दिली. त्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येक भाजीत मोहरी जरा जास्तच तडतडली. कुणी चकार शब्द काढला नाही. पाठोपाठ तिने आपला चार पायांचा पलंगही मुग्धाला दिला आणि स्वतः त्याच खोलीत दिवाणावर अंथरूण घातलं.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंनी पाळणा पाहिला, किंमत विचारली आणि जरा वेळ गप्प राहिल्या. त्यांची नात तीन महिन्यांची, साडीच्या झोळीत झोपते. मुग्धाने त्यांना सांगितलं की, रात्री झोळीपेक्षा सपाट जागा बरी. पातळ घडीवर उताणी झोपवा, उशी नको, तोंडाजवळ कापड नको, निम्म्याहून अधिक काम तिथेच झालं. बाई म्हणाल्या, "मग ह्ये एवढं कशाला घेतलं?" मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं. उरलेल्या निम्म्यासाठी, असं उत्तर होतं. पण ते त्यांच्यासमोर तोंडातून निघेना.

नात झाली. बारसं याच न हलणाऱ्या पाळण्यात झालं. तो हलवण्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने "आपण नाही का..." अशी सुरुवात केली, तेव्हा हिने तिच्या हातात पेढा ठेवला.

परवा रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. या वयात येते. पाणी प्यायला उठलो तर त्या खोलीचं दार उघडं दिसलं. मुग्धा गाढ झोपलेली. आई दिवाणावरून उठून, काठी न घेता, पाळण्याशी उभी होती. एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हाताची पाठ बाळाच्या नाकाशी. मला पाहून तिने तो हात बाजूला घेतला.

"उताणीच आहे," ती हळूच म्हणाली. "जा, झोप तू."