ताट ठेवले, पण जेवू घातले काय?

अन्नदान मोठे, हे वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. आषाढीच्या वाटेवर गावोगावचे लोक दिंड्यांना पिठले-भाकरी घालतात, पाणी पाजतात, आणि आपण धन्य झालो असे मानतात. पण सज्जनहो, हे दान पुरे केव्हा होते? ताट समोर ठेवले म्हणजे, की घास पोटात गेला म्हणजे? धडधाकट माणसापाशी हा प्रश्नच उद्भवत नाही. आजारी, पंगू आणि अतिवृद्ध यांच्या बाबतीत मात्र ताटापासून तोंडापर्यंतचे ते हातभर अंतर कित्येकदा पार होत नाही. मग ती दवाखान्यातली खाट असो, वृद्धाश्रमातली असो, की आपल्याच माजघरातली असो.

नामदेवरायांच्या नैवेद्याची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. थोरांची रीत अशी की नैवेद्य दाखवावा, पाणी फिरवावे आणि ताट उचलून आणावे. बाळ नामा तसा उठला नाही. देव जेवेपर्यंत तो समोर बसून राहिला. या कथेत भक्ती तर आहेच, पण शुश्रूषेचे सारे वर्मही आहे. आता आपले बघा. पाण्याचा तांब्या उशापासून दोन हात लांब. हाताला कंप, पेला उचलवत नाही. कवळी डबीत आणि समोर भाकरी. तासाभराने कोणीतरी येतो, ताट उचलतो आणि म्हणतो, "हल्ली जेवतच नाहीत हो!" अहो, आपण नैवेद्य दाखवला, जेवू कुठे घातले?

हा दोष एका देशाचा नाही. इंग्लंडात स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे फार हाल झाले. रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. अन्नपाणी रुग्णाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवले जाई, असे त्या चौकशीत पुढे आले. एवढा संपन्न देश, पण खाटेपाशी बसायला माणूस नाही! तिकडच्या अनेक रुग्णालयांत ज्याला भरवावे लागते त्याचे जेवण तांबड्या तबकातून देतात. तबक पाहताच कळावे की येथे नुसते ठेवून भागायचे नाही.

येथे कोणी शंका घेतील, की म्हातारपणी तहानभूक कमीच होते. मागत नाहीत तर का द्यावे? याचे समाधान असे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, पाण्याची गरज मंदावत नाही. म्हणून मागण्याची वाट पाहणे हाच मुळी अविचार. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने वृद्ध स्त्रीला दिवसाकाठी निदान १.६ लिटर आणि पुरुषाला २ लिटर पेये द्यावीत असे सांगितले आहे. त्यात पाण्याबरोबर दूध, ताक, पेज, चहा हेही धरावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

पाणी कमी पडले की वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले, भ्रम झाला. त्याला इतर कारणेही असतात, ती डॉक्टरांनी पाहावीत. पण घोटभर पाणी पोटात आहे की नाही, हे आपण आधी पाहावे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची कथा आहे. उद्दालकांनी पुत्राला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला सांगितले, पाणी मात्र हवे तेवढे पिऊ दिले, कारण प्राण पाण्यावर टिकतो. सोळाव्या दिवशी त्या वेदसंपन्न तरुणाला एक ऋचाही आठवेना. जेवल्यावर सारे आठवले. तरुण पंडिताची ही गत, तर ऐंशी वर्षांच्या आजीला नातवाचे नाव आठवले नाही म्हणून आपण हसावे काय?

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी उघड बोलत नाही. पुष्कळ वृद्ध माणसे मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्यायले की उठावे लागते, उठायचे तर हाक मारावी लागते, आणि हाक मारली की कपाळावरची आठी दिसते. त्या आठीपेक्षा तहान बरी, असे ती मनाशी ठरवतात. म्हणून पाणी देणाऱ्याने मोरीपर्यंत हात धरून नेण्याचीही तयारी ठेवावी. तेवढी नसेल तर त्याचा पेला रिकामाच समजावा.

मग बळेच भरवावे काय? मुळीच नाही. नीट बसवावे, लहान घास द्यावा, गिळला की पुढचा. पक्षाघात झालेल्याला ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काही पाजू नये. अंतकाळी देहच अन्नावरून मन काढून घेतो, तेव्हा ओठ ओले ठेवावेत, आग्रह सोडावा. माणसाच्या 'नको'ला मान आहेच. पण तो 'नको' आपण जवळ बसून, विचारून ऐकलेला असावा. दारातून डोकावून ठरवलेला नसावा.

एकादशीचे म्हणाल, तर धर्मशास्त्राने तो नियम आठ ते ऐंशी वर्षांच्या माणसालाच सांगितला आहे. शिवाय पाण्याने आणि औषधाने व्रत मोडत नाही. आजाऱ्याला उपाशी ठेवून कोणतेही पुण्य जमा होत नाही.

पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष परमात्म्याला विटेवर उभे केले. तो देव अजून उभाच आहे, त्याला घाई नाही. घाई आपल्याला असते, दर्शनाचीसुद्धा. तेव्हा पुढच्या वारीला निघण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी पेला घेऊन घटकाभर बसावे, आणि पेला रिकामा झाल्यावर उठावे.

राम कृष्ण हरी.