सात दिवसांची सवड

नापास होण्यातही जाती असतात. गणितात नापास झालेल्याच्या घरचे मास्तरांना नावे ठेवतात, संस्कृतातला व्याकरणावर खापर फोडतो. पण मोटार चालवण्याच्या परीक्षेत नापास झालेल्याच्या वाट्याला नुसते हसणे येते. आणि आमच्या उमापुरात अशी बातमी एस.टी.च्या आधी पोहोचते!

आमचा भाचा परवा जिल्ह्याच्या गावाहून असाच रित्या हाताने परतला. चढावर थांबवलेली गाडी पुढे न्यायची, तर ती मागे आली.

"मामा, हातभरच सरकली हो! शाळेत ३५ मार्कांना पास करतात, वर ग्रेसही देतात. इथं बाकी सगळं बरोबर, तरी साहेबानं नापास केलं. ही काय माणुसकी झाली?"

प्रश्न वरवर गाडीचा, पण आतून नीतिशास्त्राचा! मी विचारात पडलो.

भूगोलात ग्रेस दिल्याने गोदावरी काही उलटी वाहत नाही. इथे मात्र ग्रेस द्यायचे ते दुसऱ्याच्या खिशातून. चढावर आपल्या मागे एखादा सायकलवाला पोराला पुढे बसवून उभा असेल, तर तो हातभर कोणाच्या अंगावर? दया साहेबाने दाखवायची आणि किंमत त्या पोराने मोजायची, याला औदार्य कसे म्हणावे? १९८९ च्या नियमांत चढावर गाडी जराही मागे येता कामा नये, असे आहे. ते त्या सायकलवाल्याचे वकीलपत्रच समजा.

बरे, कायदा निष्ठुर आहे म्हणावे तर तसेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नापासाला ७ दिवसांनी पुन्हा येण्याची मुभा दिली आहे. तीनदा आपटलात तर मात्र ६० दिवस थांबा. म्हणजे कायदा "तू नालायक" म्हणत नाही, "अजून नाही" एवढेच म्हणतो. आपण घरची माणसेसुद्धा एकमेकांना इतक्या जपून नापास करत नाही.

हे मी भाच्याला समजावले. त्याला किती पटले, देव जाणे. पण हल्ली तो मला शेजारी बसवून, गाडीला 'एल' लावून, माळाच्या चढावर सराव करतो. मागच्या चाकामागे हातभर अंतरावर ताईचे मडके ठेवतो. दोन फुटली, तिसरे शाबूत आहे. साहेबाचा निकाल योग्य की अयोग्य, हे आता त्या मडक्यालाच विचारावे!